रुमालातला गूळ

सत्तरच्या दशकात मी वाशीमला जमिनीची दलाली करत असे. लोक दलाल हा शब्द शिवीसारखा उच्चारत, आणि घर विकायची वेळ आली की माझ्याच दारी येत. असो. आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. कागद झाला की दलालानं दोघांच्या हातावर गूळ ठेवायचा. दोघांनी तो खाल्ला, की सौदा पक्का.

गावालगतचा एक भाजीचा मळा मी असाच एका दुकानदाराला मिळवून दिला. विकणारा म्हातारा माळी होता. त्याचा मुलगा नोकरीला लागला होता आणि त्याला मातीत हात घालायचे नव्हते. कचेरीबाहेर मी दोघांना गूळ दिला आणि खुशीत घरी आलो.

थोड्याच दिवसांत दुकानदार चिडून आला. म्हातारा रोज सकाळी मळ्यात येऊन वांग्यांना पाणी देत होता. तिथे तर प्लॉट पाडायचे होते. निस्तरायला अर्थातच मी!

गेलो, तर बांधावर प्लॉटच्या खुणेचे दगड येऊन पडलेले, आणि म्हातारा वाकून वाफ्यात पाणी वळवत होता. मी जरा जोरातच म्हणालो, "बाबा, मळा इकला ना तुमी? मंग पाणी काहून देऊन राह्यले?"

त्यानं ओले हात धोतराला पुसले आणि कमरेचा रुमाल सोडला. आत माझाच गूळ होता, मुंग्या लागलेला.

"गिळलाच नाई गेला, बापू," तो म्हणाला. "वांगे फुलावर हायेत. एवढा तोडा होऊ दे, मंग खातो."