आधी कोण दमतं

"बघू, आधी कोण दमतं."

समोरचा 'हे होणार नाही' म्हणाला की बाई पदर कमरेला खोचायच्या, मनगटाने कपाळावरचे केस मागे सारायच्या आणि एवढंच बोलायच्या. मग समोर कचेरीतला साहेब असो, वापीचा मेस्त्री असो की गंजून बसलेला नट. तुमच्याही शेजारी असं कुणी राहिलं असेल, तर अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला ते कळायला जरा वेळ लागला.

पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती. सिल्वाशात आमच्यासारखी कोकणातून, मुंबईतून आलेली सरकारी माणसं एका ओळीतल्या कौलारू खोल्यांत राहत. मी शिक्षण खात्यात कारकून. वरून जे येईल ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं, हे माझं काम. शेजारी बाई आणि त्यांचे यजमान. यजमान सिल्वाशाजवळच्या खेरडी गावच्या शाळेत शिक्षक, म्हणून आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. शाळेची कौलं शाकारताना ते वरून पडले आणि त्यांचा कणा दुखावला. तेव्हापासून एस.टी.त बसणं संपलं. पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही, कारण बाईंनी सोडू दिलं नाही.

कुणी पोर्तुगीज अंमलदार जाताना मागे टाकून गेलेली एक म्हातारी मोटार बाईंनी मिळवली. त्यांचे वडील चिपळूणकडे मोटार सर्व्हिसवर ड्रायव्हर होते. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हीच बाईंची भातुकली. रोज सकाळी गुरुजींना मागे बसवून त्या खेरडीला निघत. परतताना गाडी वळणापलीकडे असतानाच तिचा खडखडाट ओळीतल्या सगळ्यांना ऐकू येई. माझी बायको त्यावर चहाचं आधण ठेवी.

त्या खडखडाटाला आम्ही हसत असू. गुरुजी हसत नसत. मागच्या चाकांवर स्प्रिंगचे लोखंडी पाटे असतात; त्यांच्या टोकांना, जिथे ते गाडीला जोडलेले असतात तिथे, रबराचे नळीसारखे बुश असतात. ते पार झिजले होते. लोखंडावर लोखंड आपटे आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट गुरुजींच्या पाठीत शिरे. शाळेत पोहोचल्यावर पहिला तासभर ते बाकावर आडवे पडत आणि पडल्या पडल्या पाढे म्हणून घेत.

हे कुणीतरी वर कळवलं. आमच्या खात्याच्या साहेबांनी नोटीस काढली. महिनाअखेर ते स्वतः खेरडीला येणार. त्या दिवशी पहिल्या तासाला गुरुजी उभे राहून शिकवू शकले नाहीत, तर प्रकृतीच्या कारणावरून त्यांना घरी बसवायचं. नोकरीची शेवटची पाच वर्षं उरलेला माणूस! नोटीस मी लिहिली आणि शेजारी म्हणून पोहोचवायलाही मलाच धाडलं. असल्या कामाला खात्याला बरोबर माणूस सापडतो.

बाईंनी कागद दोनदा वाचला.

"भाऊजी, अक्षर तुमचं का?"

"हो."

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "रविवारी या. जॅक धरायला माणूस हवाय."

मी गेलो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्याआधी त्या वापीला जाऊन आल्या होत्या. तिथला मेस्त्री गाडीखाली वाकूनही बघेना. "बेन, आ गाडी भंगारमां आपी दो. एना बुश हवे नथी मळता." म्हणजे गाडी भंगारात द्या, तिचे बुश आता मिळत नाहीत. बाईंनी त्याला आपलं ते नेहमीचं वाक्य मराठीतच ऐकवलं आणि त्याच्याच फळीवरून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे, जरा जाड असलेले बुश निवडून आणले. दोन संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते खरखरीत पॉलिशपेपरने घासून बेताचे केले. भाकरी थापावी तितक्या सहज.

रविवारचं त्यांचं रूप विसरणं शक्य नाही. अंगावर लुगडं आणि त्याखाली गुरुजींची जुनी खाकी पॅन्ट. गाडी उचलून चेसिसखाली, म्हणजे तिच्या सांगाड्याखाली, लाकडाच्या वखारीतून आणलेले सागाचे ठोकळे दिले. जुन्या बुशांचं रबर निघेना, तेव्हा त्यांनी ते रॉकेल ओतून जाळलं. सगळ्या ओळीत धूर आणि घाण वास. वाळत घातलेले कपडे काढत बायका करवादल्या.

"अहो बाई, हे काय मांडलंय?"

"तासाभराचा वास आहे. आमच्याकडे महिन्याची नोटीस आहे," बाई म्हणाल्या आणि काम चालू ठेवलं.

नवे बुश बसवायला ना प्रेस होता ना शिकंजा. त्यांनी एक लांब बोल्ट घेतला, दोन जाड वायसर आणि हापशाच्या पाइपाचा कापलेला तुकडा. रबराला कपडे धुण्याचा साबण चोळला. मी तेलाची बुधली पुढे केली तर ओरडल्या, "तेल नको! रबर खातं ते." बोल्ट आवळत नेला तसा बुश हळूहळू आत सरकला. दुपारपर्यंत सगळे नट गच्च आवळून झाले. सोमवारी गाडी वळणावरून आली आणि माझ्या बायकोला कळलंच नाही. चहा राहिला.

ही कौतुकाची गोष्ट इथेच संपवायला मला आवडलं असतं. पण बाराव्या दिवशी खडखडाट परत आला. साहेब यायला चारच दिवस उरले होते.

बाई गाडीखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात फाटलेला बुश होता. धुतलेलं लुगडं पिळावं तसं त्याचं रबर पिळवटलं होतं. मी म्हणालो, "बाई, पुरे आता. मी साहेबांना विनंतीचा अर्ज लिहून देतो."

"अर्ज?" त्या इतक्या संतापल्या की मी मागे सरलो. "चूक माझी आहे, भाऊजी. मी गाडी वर टांगून नट आवळले. चाकं लोंबत होती. खाली उतरवल्यावर भार आला, पाटा सरळ झाला आणि घट्ट धरलेलं रबर पिळलं गेलं. आधी भार घेऊ द्यायचा, मग आवळायचं. बाबा हेच करायचे आणि मी विसरले. चूक सापडल्यावर कसले अर्ज करता?"

त्या पुन्हा वापीला गेल्या, पुन्हा बुश आणले, घासले, बसवले. या खेपेला ठोकळे चेसिसखाली नाही, चारही चाकांखाली दिले. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, फक्त उंचावर. मग त्यांनी मला विचारलं, "मागे बसवायला भार काय घ्यावा? तांदळाची पोती?"

ओट्यावरून गुरुजी म्हणाले, "अगं, ज्याला न्यायचंय त्यालाच बसव की."

आम्ही दोघांनी धरून त्यांना ठोकळ्यांवरच्या गाडीत चढवलं. ते मागच्या सीटवर टेकले, मांडीवर मुलांच्या वह्या घेतल्या आणि तपासू लागले. खाली बाई पाठीवर निजून एकेक नट आवळत होत्या. मधेच खालून आवाज येई, "पाठ टेकवून बसा!" वरून उत्तर येई, "बसलोय." त्या दोघांत आयुष्यभर काय बोलणं झालं असेल ते मला त्या दुपारी समजलं. आणि ती नोटीस आपल्या हातची आहे याची मला मनापासून लाज वाटली.

ठरल्या दिवशी साहेबांबरोबर मी खेरडीला होतो. घंटा झाली आणि गाडी आवारात शिरली तरी साहेबांना पत्ता नाही. ते आवाजाची वाट बघत होते. गुरुजी काठी टेकत उतरले, वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि पूर्ण तास उभ्याने भूगोल शिकवला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

जाताना ते बाईंना म्हणाले, "आज ठीक आहे. पण ही गाडी म्हणजे... उद्याचं काय?"

"उद्या या, साहेब. परवाही या." बाईंनी केस मागे सारले. "बघू, आधी कोण दमतं."

साहेब दोनदा आले. मग त्यांची बदली झाली. गुरुजींनी पाच वर्षं पुरी केली, एकही पहिला तास आडवं न पडता.

कोकणात परत जाताना सगळे म्हणाले, सामान रेल्वेने मुंबईला पाठवा आणि तुम्हीही आगगाडीने मुंबई नि पुढे बोटीने जा. बाई मोटारीनेच गेल्या. पहाटे कधी निघाल्या ते ओळीत कुणाला ऐकू आलं नाही. सकाळी पाहिलं तर माझ्या ओट्यालगत सागाचे चार ठोकळे नीट रचून ठेवलेले होते. ते अजून माझ्याकडे आहेत.

बऱ्याच वर्षांनी गुरुजींचं कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. 'आमच्या दोघांत आधी ती दमली. गाडी अजून चालते.'

यातलं पहिलं वाक्य मी आजतागायत मान्य केलेलं नाही.