मागचं डावं दार

आमची गाडी जुनी आहे. आम्ही घेतली तेव्हाच ती कुणीतरी भरपूर चालवलेली होती. निपाणीतल्या आमच्या गल्लीत आता उंच उंच नव्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्यात ती बसकी दिसते. पण मी तिच्यावरच चालवायला शिकले, घाटही तिच्यावरच चढायला शिकले, त्यामुळं तिला कुणी खटारा म्हटलं की मला राग येतो.

माझ्याइतकाच राग माझ्या सासूबाईंना येतो. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांची जागा ठरलेली, मागच्या सीटवर डाव्या दाराशी. त्यांचा एक गुडघा नीट वळत नाही, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं त्यांना चढता-उतरता येत नाही. डाव्या दाराची मूठ धरायची, आधी अंग टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, अशी त्यांची रीत.

नेमकं तेच दार रुसायला लागलं. किल्लीवरचं बटण दाबलं की बाकीची दारं खट्‌कन उघडायची आणि हे दार आतल्या आत नुसतं घरघरायचं. काचेखालची लॉकची खुंटी अर्ध्यात अडकून बसायची, हातानं ओढली तरी वर यायची नाही. दारावर दोन-चार थापा मारल्या की कधीतरी उघडायचं. आम्ही थापा मारत दिवस काढत होतो.

मग चिकोडीला आत्यांच्या भाचीचा साखरपुडा आला. आत्या त्या घरातल्या मोठ्या. त्यांनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. गाडी मांडवासमोर थांबली, माणसं सामोरी आली, आणि दार उघडलं नाही. मी थापा मारल्या, नवऱ्यानं मारल्या, व्याह्यांपैकी एकानं तर खांदा लावला. शेवटी दुसऱ्या दारानं आधी लाडवाची टोपली आणि आहेराच्या पिशव्या बाहेर काढल्या आणि मग आत्यांना सीटवरून सरकवत, दोन बायकांनी काखेत हात घालून ओढलं. त्यांचा पाय दोन सीटांच्या मध्ये अडकला. पदर सुटला. कुणीतरी हसलं.

घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "पोत्यागत वढून काढलं मला. आता मी तुमच्या गाडीत बसत न्हाय."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यानं दारावर कान ठेवला, बटण दाबायला लावलं आणि मान हलवली.

"आगूदिल्लरी आक्का," तो म्हणाला. होणार नाही. "आतली लॉकची मोटर गेली. या मॉडेलची मिळत न्हाय आता. दार कायमचं लॉक करून देतो, पलीकडनं बसा."

"पलीकडनं त्यांना चढता येत नाही."

"मग पुढं बसवा."

पुढच्या सीटवर आत्यांना भोवळ येते. मी किल्ली घेतली आणि परत आले. मनात एकच गोष्ट घोळत होती. मोटर गेली म्हणाला, पण गेलेली मोटर घरघर कशी करील?

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मोटर कशी फिरते आणि तारा उलट्या जोडल्या की उलटी कशी फिरते, हे मी दर वर्षी वर्गात करून दाखवते. त्या दाराच्या आतली मोटरही तशीच असणार. एकीकडं फिरली की लॉक, दुसरीकडं फिरली की अनलॉक. मोबाईलवर मी दार उघडायचे व्हिडिओ बघितले. नवरा बेळगावला नोकरीला जातो. रविवारी मी दार खोलणार म्हटल्यावर तो म्हणाला, "खोल. फक्त उरलेले स्क्रू मला दाखवू नको."

रविवारी सकाळी अंगणात गाडी सावलीला घेतली. थापा मारून दार एकदाचं उघडलं, ते मी बंद होऊ दिलं नाही. आत्या चुलीपाशी असतील असं मला वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून दारासमोर येऊन बसल्या.

"गाडीत बसणार न्हाय म्हटलं," त्या म्हणाल्या, "बघणार न्हाय असं कुटं म्हटलं?"

मुठीमागचा आणि हात टेकायच्या जागेखालचे स्क्रू निघाले. काच वरखाली करायचा दांडा मात्र निघेना. त्याच्या मागं तारेची बारीक चाप असते. व्हिडिओत सांगितलं होतं तसं जुनं फडकं दांड्यामागं घालून पाठ घासल्यासारखं इकडून तिकडं ओढलं, तशी चाप टण्‌कन उडून आत्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली. दाराचं आतलं आवरण काढायला मी भाकरीचं उलथनं फडक्यात गुंडाळून घातलं आणि दाबलं. कट्‌कन आवाज झाला.

"मोडलं का?"

"मोडलं एक बटण."

"बरं. पुढं चल."

हे 'पुढं चल' त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी उलथनं पुन्हा घातलं. आवरण दाराला धरून ठेवणारी बाकीची बटणं नीट सुटली. आवरणाखाली काळ्या डिंकानं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता, तो हळूहळू सोलला आणि मोबाईलच्या उजेडात दाराच्या पोटात काळी डबी दिसली. तीच लॉकची मोटर. साबणाच्या वडीपेक्षा थोडी लांब, तिला एक बाहेर आलेला दांडा आणि त्या दांड्यातून कुलपाकडं गेलेली लोखंडी सळई. सळईची चाप सोडवून, तार काढून, स्क्रू काढून मी डबी बाहेर आणली. हात कोपरापर्यंत काळा झाला होता आणि मनगटावर पत्र्याचा ओरखडा होता.

घरात स्कूटरची जुनी बॅटरी होती. तिला तारा लावून डबीला टेकवल्या. दांडा जरासा थरथरला आणि थांबला. तारा उलट्या टेकवल्या, पुन्हा थरथरला.

"जीव हाय की त्यात," आत्या म्हणाल्या.

"आहे. ताकद नाही."

डबीची शिवण चाकूच्या टोकानं उकलली. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, पांढऱ्या दातेरी चाकाच्या दातादातांत धूळ बसली होती. मोटरचं मागचं झाकण काढलं तर आत सगळं काजळी धरल्यासारखं काळं. मोटरमधले कोळशाचे तुकडे झिजून त्यांची भुकटी तिथंच साचली होती. वीज तिच्यातूनच वाट काढत होती, मोटरला पुरती मिळतच नव्हती. मी ती भुकटी पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसली, तांब्याचा भाग खोडरबरानं घासून लखलखीत केला, चाक धुतलं, ताजं ग्रीस बोटाच्या टोकानं लावलं. सगळं परत बसवून बॅटरी टेकवली, तसा दांडा सट्‌कन बाहेर आला. इतक्या जोरात आला की मी दचकले.

आत्या खुर्चीतून उठल्या. "परत कर," म्हणाल्या. मी केलं. "परत." मी परत केलं. आम्ही दोघी तो दांडा आतबाहेर होताना कितीतरी वेळ बघत बसलो.

खरी अडचण पुढं होती. डबी दारात बसली, पण सळई तिच्या चापेत जाईना. जागा दाराच्या पार आत, दोन पत्र्यांच्या बेचक्यात. काढताना मी ओढून काढली होती, घालताना मात्र चाप दोन बोटांत धरून वळवायला हवी होती, आणि माझा हात मनगटापाशी अडकत होता. पक्कड घातली तर काही दिसेना. मी घामाघूम झाले. चांगली डबी हातात असून दार तसंच राहतंय की काय, असं वाटायला लागलं.

"सर तिकडं," आत्या म्हणाल्या. "माजा हात बारीक हाय."

त्यांचा हात खरंच बारीक आहे. पण नुसता बारीक नाही. लग्न होऊन निपाणीत आल्यापासून गुडघा जाईपर्यंत आत्यांनी घरी विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोलायच्या आमच्याशी आणि बोटं आपली चाललेली. विडीचं तोंड नखानं मुडपताना त्यांना कधी खाली बघावं लागलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बघत बसायची, मला त्यातलं काही जमलं नाही.

मी त्यांच्या बांगड्या उतरवून घेतल्या आणि डबी पुन्हा बाहेर काढून तिची चाप दाखवली. त्यांनी ती डोळे मिटून चाचपली, लावून बघितली, सोडून बघितली. मी डबी दारात परत बसवली, तसा त्यांनी हात आत घातला. कोपर आत गेलं. त्या समोर तुळशीकडं बघत होत्या, पण डोळ्यांना तुळस दिसत नव्हती.

"ही सळई. व्हय. आणि ह्यो चापेचा कान." मग आतून बारीक टिक्‌ ऐकू आलं.

"बसलं बघ," त्या म्हणाल्या.

मी किल्लीचं बटण दाबलं. तीन दारं लॉक झाली आणि आमचं दार खट्‌कन अनलॉक झालं. पुन्हा दाबलं. तीन उघडली, हे बंद.

आत्या हसत सुटल्या. "हे आमच्या धाकट्या दिरागत हाय गं! सगळी व्हय म्हणाली की ह्यो न्हाय म्हणणार!"

मला चूक लगेच कळली. मोटरचं झाकण मी उलटं बसवलं होतं, तारांची अदलाबदल झाली होती. वर्गात दर वर्षी शिकवते तीच गोष्ट माझ्या दारात घडली होती आणि मलाही हसू आलं. पण हसून भागणार नव्हतं. आत्यांनी पुन्हा हात घालून चाप सोडवली, मी डबी काढली, उकलली, झाकण फिरवलं, शिवण चिकटवली. चाप दुसऱ्यांदा त्यांनी पहिल्यापेक्षा लवकर लावली. आता बटण दाबलं की चारही दारांचा एकच आवाज. कागद चिकटवला, आवरण बसवलं, पदराच्या गाठीतली चाप मागून घेऊन काचेचा दांडा लावला. स्क्रू एकही उरला नाही. नवऱ्याला बोलावून मी रिकामा तळहात दाखवला. त्यानं दार उघडून लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि गुपचूप आत जाऊन आमच्यासाठी चहा टाकला.

बारावी ते बीएड मी बऱ्याच परीक्षा पास झाले. त्या दिवशी छाती जेवढी भरून आली तेवढी एकाही निकालाला आली नव्हती. आत्या हात न धुता तशाच काळ्या हातांनी शेजारणीला दाखवून आल्या.

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही बेळगावला गेलो. तिथं साड्यांच्या पेठेत, शहापुरात, गाडी लावली तेव्हा आत्या माझी वाट न बघता स्वतः उतरल्या आणि दुकानाच्या पायऱ्या चढल्या. मी आत पोहोचेपर्यंत त्या दुकानदाराला कन्नडमध्ये सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. सून मास्तरीण आहे, मोटर तिनं उघडली, सळई मी लावली. तो साडीची घडी हातात तशीच धरून ऐकत होता.

आता नातेवाइकांत बातमी पसरली आहे. परवा आत्यांच्या भावाचा फोन आला. त्यांच्या जीपचं मागचं दार लॉक होत नाही, सूनबाईला विचारशील काय, म्हणून. आत्यांनी मला काहीच विचारलं नाही.

"रविवारी आण," त्या फोनवर म्हणाल्या. "आणि अण्णा, धुऊन आण. चिखलाच्या गाडीत मी हात घालत न्हाय."