बिनतोंडाचं पोस्टर

सांगते, पण मधे कुणी तोंड घालायचं नाही. शहाद्याच्या टॉकीजसमोर माझी, जसोदाबाईची, भज्यांची गाडी. हबीबभाईला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, त्याची बायको खातून सोडून. पोस्टरं चिकटवायची, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, हा त्याचा धंदा. पण त्याचा खरा मान वेगळाच. नवं पोस्टर भिंतीवर लावलं की तो रस्ता ओलांडून माझ्या गाडीशी उभा राहायचा आणि माणसांकडे बघायचा. धडगावकडे जाणाऱ्या जीपमधली माणसं बाहेर डोकावली की म्हणायचा, "चालनार." नाही डोकावली तर, "पडनार." ट्रेलर दाखवला तर आवाज बंद करून बघायचा. म्हणायचा, "आवाज फसवस." टॉकीजचे मालक बन्सीलाल शेठ त्याला विचारल्याशिवाय सिनेमा आणत नसत.

यंदा मात्र शेठनी हात टेकले. आत पंखे फिरायचे आणि खाली खुर्च्या रिकाम्या. एका कापसाच्या व्यापाऱ्याने टॉकीज गोदामासाठी मागितली. शेठ म्हणाले, शुक्रवारचा खेळ बघू. भरला तर टॉकीज, नाही तर गोदाम. व्यापाऱ्याचा माणूस असा उतावळा, की नवंकोरं कुलूप माझ्या गाडीवर ठेवून गेला, म्हणे शुक्रवारी लावायला येतो! मिरच्यांच्या परातीशेजारी ते मेलं कुलूप दिसलं की मी त्यावर फडकं टाकायचे.

शुक्रवारचा सिनेमा सुचवला हबीबभाईच्या लेकीने. रिम्शा कॉम्प्युटर क्लासात शिकवते. पोरंसोरं मोबाइलवर दिवसभर जो लढाईचा गेम खेळतात ना, त्याच्यावरूनच काढलेला सिनेमा. गावोगावची पोरं येतील, असा तिने शेठला शब्द दिला होता.

पोस्टर आलं. काय सांगू बाई! हातात भाला घेतलेला धिप्पाड गडी आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत तांब्याचा टोप. तोंडाचा पत्ताच नाही. हबीबभाई माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. एक जीप गेली, दुसरी गेली. कुणी मान वळवली नाही.

"पडनार," तो म्हणाला. "मानूस तोंड देखीसन येस, जसोदाबाई. याले तोंडच नही."

रिम्शा भडकली. म्हणाली, गेममध्ये या गड्याचं तोंड आजवर कुणी पाहिलेलं नाही, ट्रेलरमध्येही दाखवत नाहीत, त्यावरूनच पोरांचे वाद होतात. "तुमची जीपमधली माणसं वेगळी, अब्बा. हा सिनेमा त्यांच्यासाठी नाहीच." बापाने मान हलवली आणि निघून गेला. लेक दुसऱ्या बाजूला.

गुरुवारी दुपारी हबीबभाई शिडी आणि रंगाचे डबे घेऊन हजर. माझ्या डोळ्यांदेखत त्याने टोपावर चेहरा काढला. भरघोस मिशा, लाल डोळे, कपाळावर घाव. हात अजून काय सुंदर चालतो त्याचा! मीही अक्कल पाजळली, म्हटलं, "आते कसा मानूस दिसस!" तो लहान पोरासारखा हसला. टॉकीज वाचवली, असंच वाटत होतं बिचाऱ्याला.

तेवढ्यात क्लासातून रिम्शा आली. पोस्टर बघून जागीच थिजली. "अब्बा, ये क्या किया?" म्हणाली आणि रडायलाच लागली. उद्या पोरं हे बघतील, यांना गेमच माहीत नाही म्हणतील आणि दारातूनच परत फिरतील. दुसरं पोस्टर नव्हतं. ऑइल पेंट पुसायला जावं तर खालचा कागदच फाटायचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! हबीबभाई शिडीवरून उतरून खालीच बसला.

मला दोघांचाही राग आला. ओरडले, "रडत काय उभे राहिलात? टोप होता तर टोप परत काढा!" मग रिम्शाने मोबाइलवर ट्रेलर थांबवून धरला आणि बाप ते चित्र बघून चेहऱ्यावर टोप रंगवत बसला. उजेड होता तोवर काम चाललं.

शुक्रवारी ऊन चढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तांब्याचा रंग पातळ बसला होता. टोपातून ते डोळे दिसत होते, मिशासुद्धा. आता दुसरा हात मारायला वेळ कुठला? शेठ फाटकाशी उभे. रस्ता मोकळा. व्यापाऱ्याचा माणूस आला, भजी खाल्ली आणि कुलूप उचलून तळहातावर उडवायला लागला. वाटलं, झारा घालावा मेल्याच्या टाळक्यात.

मग ब्राह्मणपुरीकडून एक जीप आली, मागे पोरं लोंबकळलेली. कळसाडीच्या मोटरसायकली आल्या. सगळे उतरले ते थेट पोस्टरापाशी. एका पोराने नाकच टेकवलं. मी डोळे मिटून घेतले.

"आरे, मझार कोनीतरी शे!" तो ओरडला.

झुंबड उडाली. "देख, डोया दिसी ऱ्हायनात!" आत कोण, यावर तिथेच भांडणं जुंपली, आणि भांडत भांडतच ती पोरं तिकिटाच्या खिडकीशी गेली. मागून आणखी जीप आल्या. आत खुर्च्या पुरेनात तेव्हा शेठनी शेजारच्या हॉटेलातली बाकडी मागवली.

खेळ सुरू झाल्यावर बन्सीलाल शेठ रस्ता ओलांडून माझ्या गाडीशी आले. बापलेक तिथेच उभे होते. "बोल हबीब, आता काय म्हणतोस?"

हबीबभाईचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. "मी चुकनू, शेठ. आते हिले इचारत जा."

शेठनी तिथल्या तिथे विचारलं, पुढचा सिनेमा कोणता आणायचा? रिम्शाने ओढणीने डोळे पुसले आणि बापाला खेटून उभी राहिली. "पोस्टर तर येऊ द्या. भिंतीवर लावू. मग इथे अब्बाजवळ उभी राहीन आणि सांगेन."

व्यापाऱ्याचा माणूस अजून तिथेच होता. मी त्याला गरम भज्यांची पुडी बांधून दिली आणि वर त्याचं कुलूप ठेवलं.