आईचं 'हाव' आणि गाडीचा अँटेना

माझी गाडी सेकंड हँड आहे, हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. आमच्या घरात सायकलच्या पुढचं वाहन त्याआधी कोणी घेतलं नव्हतं. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिली चारचाकीही माझीच. आई माझ्याकडे अकोल्याला राहायला आली होती. परत जाताना ती एस.टी.ने जाणार नव्हती. मीच तिला गाडीने नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावी पोचवणार होते. गाडी पहिल्यांदाच गावात जाणार होती.

अकोल्याहून निघालो तेव्हा गाडी चकचकीत होती. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं होतं. तिथून बाहेर पडलो तेव्हा दारांचा रंग ओळखू येत नव्हता. चहाला थांबलो तर आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"असी गाडी घेऊन जाशीन का गावात?"

"घरी गेल्यावर धुऊ ना."

"घरी गेल्यावर काय? लोकं आधी पायतीन, मंग तू धुशीन. म्हनतीन पोरगी गाडी घेऊन नांगराले गेली होती."

बडनेरा ओलांडल्यावर अमरावतीच्या बाजूला एक नवं वॉशिंग सेंटर झालेलं दिसलं. तिथे माणसं गाडी धूत नाहीत. गाडी पट्ट्यावर लावायची, उतरायचं, पुढचं सगळं मशीन करतं. वरून साबणाचं पाणी, बाजूंनी आणि डोक्यावरून फिरणारे माणसापेक्षा उंच ब्रश. मी रांगेत गाडी लावली आणि टोकन घ्यायला आतल्या खोलीत गेले. आई पुढच्या सीटवर बसून राहिली.

त्या चार-दोन मिनिटांत जे झालं ते मला नंतर कळलं. गमबूट घातलेला एक कामगार गाडीपाशी आला, काचेवर टकटक केली आणि आईला म्हणाला, "मावशी, टपावरचा अँटेना काढून घ्या बरं. काढला नाही अन् मशीनमंदी तुटला त आपली जिम्मेदारी नाही."

आई म्हणाली, "हाव."

त्याने दोन्ही आरसे स्वतःच मिटले आणि तो मशीनकडे निघून गेला. मी टोकन घेऊन आले, गाडी पट्ट्यावर लावली, आम्ही दोघी उतरून काचेच्या भिंतीआड उभ्या राहिलो. फेस पडायला लागला तशी आई हरखली. "बाप्पा! नवरीच न्हाऊन राहिली जशी!" असं ती म्हणते न म्हणते तोच टपावरून कडकड आवाज आला. वरच्या ब्रशमध्ये अँटेना गुंतला होता. तो बुडापासून उखडला आणि ब्रशबरोबर गरगर फिरत टपाला घासू लागला. कोणीतरी धावत जाऊन मशीन बंद केलं. गाडी बाहेर आली तेव्हा अँटेनाच्या जागी एक भोक होतं, त्यातून वायर डोकावत होती, आणि टपावर कोयत्याच्या आकाराचा ओरखडा होता.

मालक बाहेर आला. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. आधी म्हणाला, गाडी जुनी आहे, अँटेना ढिला असेल. मी म्हटलं, ढिला नव्हता. मग त्याने भिंतीवरचा, अँटेना काढून ठेवा असं सांगणारा फलक दाखवला. फलक इंग्रजीत होता आणि रांगेत उभं राहिल्यावर खांबाआड जात होता.

"बोर्डाचं सोडा मॅडम," तो म्हणाला, "आमचा मानूस हरेकाले तोंडी सांगते. काहून रे, सांगतलं होतं ना?"

कामगार म्हणाला, "मावशीले सांगतलं होतं. त्यायनं हाव म्हटलं."

मालकाचा चेहरा एकदम सैल झाला. "पाहा. तुमच्या आईनंच हाव म्हटलं. आता आमी काय करावं?"

मी आईकडे पाहिलं. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला होता. "म्या म्हटलं खरं," ती हळूच म्हणाली. "धुवाले बी मीच म्हटलं. माहीच चूक झाली बाई. चाल, जाऊ."

अँटेना तुटला त्याचं मला फार वाटलं नव्हतं. पण ते 'माहीच चूक झाली' मला सहन झालं नाही. आई अशीच गाडीत बसली असती तर ती गाडी तिला पुन्हा कधी आपली वाटली नसती, हे मला माहीत होतं. गावी पोचल्यावर ती कोणाला गाडीजवळ घेऊन आली नसती. या माणसाने आईला तोंडाने 'तुमची चूक नाही' म्हटल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं मी ठरवलं.

आमच्याकडच्या 'हाव'बद्दल इथे सांगायला हवं. पुस्तकी मराठीत हाव म्हणजे लोभ. नोकरीच्या मुलाखतीत पुण्याकडच्या एका परीक्षकांना मी 'हाव' म्हणून गेले तेव्हा ते दचकले होते. वऱ्हाडात हाव म्हणजे हो. पण तेवढंच नाही. समोरचा बोलत असताना मधे मधे हाव म्हणायचं असतं. तू बोलतो आहेस, माझं लक्ष आहे, पुढं बोल, एवढाच त्याचा अर्थ. कोणी मरणाची बातमी सांगितली तरी ऐकणारा हाव म्हणतो. न म्हणणारा माणूस आमच्याकडे उद्धट समजला जातो.

आईला तिथल्या खुर्चीवर बसवून हे सगळं मी मालकाला समजावून सांगायला लागले. वर्गात शिकवते तसं, शुद्ध भाषेत. "ऐकलं म्हणणं आणि मान्य केलं म्हणणं यांत फरक आहे," मी म्हटलं.

"हाव," मालक म्हणाला.

"संमती घ्यायची तर समोरच्याला विषय समजलाय का, हे आधी बघावं लागतं."

"हाव मॅडम."

"गाडी आईची नाही. ती चालवत नाही. तिला सांगून तुमची जबाबदारी संपत नाही."

"हाव, हाव. बराबर."

मला वाटलं, पटत चाललंय. म्हणून मी थांबून विचारलं, "मग अँटेना तुम्ही बसवून देताय ना?"

"नाही मॅडम. थे कसं जमन?"

मी गोंधळले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठून पुढे आली होती.

"काहून भाऊ," ती मालकाला म्हणाली, "माही पोरगी इतक्या वखतची बोलून राहिली. तू किती डाव हाव म्हटलं?"

"म्हटलं असन मावशी."

"मंग कबूल हाये ना तुले?"

"नाही हो! मी आपला आयकून राहिलो होतो."

"मंग मी बी आयकूनच राहिली होती!"

रांगेतल्या जीपचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "भाऊ, फसले तुमी!" कामगार तोंड फिरवून हसला. मालकालाही हसू आलं, पण त्याने लगेच माघार घेतली नाही. "तसं नाही मावशी. समजलं नसन त इचाराचं ना, अँटेना म्हंजे काय म्हनून."

"अँटेना मले समजते. घरावर असते, कावळे बसाले. मले वाटलं, ह्या मानसाच्या घरावरचा काढाचा असन. गाडीत काई टीव्ही हाये का?" हशा ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. "आन हे पाय. तुह्या मानसानं 'काढला का' असं इचारलं असतं, त म्या म्हटलं असतं, काय काढाचं बाप्पा? त्यानं इचारलं नाही, सांगतलं. सांगतल्यावर मानूस हावच म्हनते."

विचारणं आणि सांगणं. मी इतका वेळ संमती, जबाबदारी असे शब्द वापरत होते आणि माझ्या हातून नेमकं हेच सुटलं होतं. मालकही इथलाच. त्याच्या घरीही अशीच आई असणार.

"बराबर हाये," तो शेवटी म्हणाला. मग कामगाराकडे वळून आवाज चढवला, "तुले किती डाव सांगतलं रे, गाडीवाल्याशी बोलत जाय म्हनून..."

"त्याले काहून बोलतो?" आईने त्याला मधेच तोडलं. "थो उन्हात उभा राहून सांगून राहिला हरेकाले. त्यानं सांगतलं, म्या आयकलं. आमा दोघायचं बराबर हाये. तुहं पाय."

मी म्हटलं, "अँटेनाचं नंतर बघू. आधी आईला सांगा, चूक कोणाची ते."

मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. हात जोडले नाहीत, नाटक केलं नाही. सरळ म्हणाला, "मावशी, तुमची काई चूक नाही. आमचीच झाली."

आईने पदर सारखा केला. "बस झालं बाप्पा," एवढंच म्हणाली. पण तो पदर आता खांद्यावर होता.

अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानातून नवा अँटेना आणायला कामगार दुचाकीवर गेला. तोवर मालकाने चहा मागवला आणि आईला स्वतःची गादीची खुर्ची दिली. ती त्या खुर्चीत ऐसपैस बसलेली पाहून मला माझी दहावी झाली ते दिवस आठवले. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या ओसरीवर बसून तासभर बोलले होते. मुलीला एवढं शिकवून काय करायचं, अमरावतीला एकटी कशी राहील, स्थळं पाहायला लागा. आई दाराआडून हाव, हाव म्हणत होती. मी आत रडत होते, कारण मला वाटलं सगळं ठरलं. पुढच्याच आठवड्यात आईने मला अमरावतीला आणून अकरावीला घातलं आणि वसतिगृहात ठेवलं. मोठेबाबा चिडून आले. "तू त हाव म्हटलं होतं!" आई म्हणाली, "तुमी बोलत होते भाऊजी. मधात बोलाचं कसं?"

मोठ्या माणसांशी ती आयुष्यभर भांडली नाही. त्यांना हाव म्हणून तिने स्वतःला पाहिजे ते केलं. माझी पदवी, माझी नोकरी, ती गाडी, सगळं त्यातूनच उभं राहिलं आहे. पण त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा समोरासमोर वाद घालताना पाहिलं. परक्या माणसाशी, चार लोकांत, आणि माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. विद्यार्थ्यांनी बक्षीस मिळवलं की मी टाळ्या वाजवते. तिथे वाजवता आल्या नाहीत, पण मनातून वाजवल्या.

अँटेना बसला. ओरखड्यावर मालकाने पॉलिश करून दिलं. तरी तो पुरता गेला नाही, आणि मीही ताणून धरलं नाही. आम्ही गाडीत बसलो. अमरावती मागे पडल्यावर आईने बाबांना फोन लावला. ती कानाला फोन लावून बोलली तरी सगळ्या गाडीला ऐकू जातं.

"आवं, पोरीनं काय सुनावलं त्या मालकाले! असं बोलली, असं बोलली, का गप्पच झाला थो. कायद्याचं बोलली एकेक!"

मी म्हटलं, "आई, मी नाही, तू गप्प केलंस त्याला. माझं तर त्याने ऐकूनही घेतलं नाही."

तिने फोन बाजूला धरला. "आयकून घेतलं. तू शिकली हायेस, मॅडम हायेस, म्हनून थो उभा राहिला अन् हाव म्हनत राहिला. मी एकटी असती, त त्यानं हाव बी म्हटलं नसतं. मंग म्या त्याले कायनं पकडलं असतं?"

मी गाडी चालवत राहिले. आईने बाबांचा फोन संपवून मावशीला लावला, मग शेजारच्या काकूंना. प्रत्येक फोनमध्ये मी जास्त चांगलं बोलत होते आणि टपावरचा ओरखडा आणखी वीतभर लांब होत होता.