सारच्या वेदीपाशी ऐकलेला शब्द

आधी माफी मागतो. असे अनुभव लिहिणारी माणसं प्रार्थनेत मुरलेली असतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसणारा. माझ्यासारख्यानं देवाबद्दल काही लिहावं, हा आगाऊपणा वाटतो. पण आई म्हणाली, जसं झालं तसं लिही, जास्त शहाणपण घालू नकोस. म्हणून लिहितो आहे.

माझे पप्पा बहारीनला सित्रामधल्या एका कंपनीत फिटर आहेत. मी जन्मलो तेव्हाही ते तिथेच होते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आतड्यात गाठ निघाली आणि तिथल्याच सलमानियाच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. धाकट्या बहिणीची बारावी तोंडावर आली होती, आईला वसई सोडता येईना, तेव्हा व्हिजिट व्हिसावर मी गेलो. विमानात पहिल्यांदा बसलो ते असं. विमानतळावर घ्यायला पप्पांच्या खोलीतले सोबती आले होते, वाघमारे काका. ते औरंगाबादकडचे, त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन. खोलीत एका भिंतीवर आमची मरियामाता आणि समोरच्या भिंतीवर त्यांचा बुद्ध, अशी दोघांची वर्षानुवर्षं वाटणी. काका मला चिडवायचे, "तुझे पप्पा अडचण आली की वर बघतात, मी आधी फ्यूज बघतो."

मी त्यांना सांगितलं नाही, पण त्या दिवसांत मलाही वर बघता येत नव्हतं. रोज रात्री मी रोझरीची माळ हातात घ्यायचो आणि आमच्या प्रार्थनेत देवाची इच्छा पुरी होऊ दे असं जिथे येतं, तिथे माझी जीभ अडायची. लहानपणापासून ते वाक्य मी धडाधड म्हणत आलो होतो. आता मात्र वाटायचं, आणि त्याची इच्छा वेगळीच असली तर? मी हो म्हटलं म्हणूनच तसं झालं तर? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठ अवघड जागी आहे, आत गेल्यावरच कळेल. मग मी ते वाक्य गाळून पुढचं म्हणायचो. देवाला फसवल्यासारखं वाटायचं, तरी गाळायचो.

ऑपरेशनच्या सकाळी पप्पांना आत नेत होते. हिरव्या कपड्यात ते एकदम लहान दिसले. मला वाटलं आता आईबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, "इथे बसून नखं खाऊ नकोस. सारला जाऊन ये. माझं गाव बघून ये."

सारला हजारो वर्षांपूर्वीच्या एका गावाचे अवशेष आहेत. नव्यानं नोकरीला आलेले असताना, घरची आठवण असह्य झालेल्या एका शुक्रवारी पप्पा फिरत फिरत तिथे पोचले होते. तेव्हापासून फोनवर ते त्याला माझं गाव म्हणत. अगदी आपल्या वाडीसारखं आहे, ते मला लहानपणी सांगायचे, माणसं तेवढी बाहेर गेलीत. मी इतिहास घेतला याचा त्यांना जो अभिमान होता, त्यामागेही हेच गाव असावं.

मी नको म्हणत होतो. काकांनी ऐकलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये भारतातलं सिम होतं, इस्पितळाचं वायफाय सुटलं की तो मुका. म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर बॉलपेननं स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाले, कुणाकडेही फोन माग, लाजू नकोस, इथली म्हातारी माणसं सिनेमे बघून हिंदी शिकलीत. मग मला बसमध्ये बसवून दिलं.

एका बाजूला बंगले, दुसरीकडे मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, आणि मध्ये एका उतारावर ते गाव. मातकट दगडांच्या गुडघाभर उंचीच्या भिंती. मधून एक रस्ता चढत जातो आणि दोन्हीकडे घरं, बहुतेक दोन खोल्यांची. आत पाय टाकला आणि पप्पांचं म्हणणं पटलं. दाराशी पाणी साठवायची गिलावा केलेली टाकी, कोपऱ्यात भाकरीची गोल भट्टी. शेजाऱ्याची भिंत इतकी जवळ की इकडचं भांडण तिकडे ऐकू जावं. आमच्या वाडीत बावखलावर पाण्याला गेलेल्या बायका दारोदार थांबत घरी येतात, तशाच इथेही थांबत असतील. थंडीचं कोवळं ऊन होतं. मला उगाचच बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली.

रस्ता संपतो तिथे त्यांचं देऊळ आहे. खांबांचे बुंधे उरलेत आणि एक वेदी, तिच्या मागची भिंत चंद्रकोरीसारखी वळलेली. देवाचं नाव मला माहीत नव्हतं. तिथे उभा राहून मनात आलं, या गावातही कुणाचा तरी बाप आजारी पडला असेल, मुलगा इथे येऊन उभा राहिला असेल. त्याचं मागणं कुठे गेलं?

तेवढ्यात पांढऱ्या झग्याखाली धावायचे बूट घातलेले एक बहारीनी आजोबा चालत वर आले. जवळच राहणारे, रोज तिथे फेरी मारणारे. मी तळहात दाखवून, बाबा, सलमानिया, ऑपरेशन, एवढंच हिंदीत सांगितलं. त्यांनी लगेच नंबर लावला. पलीकडे काकांचा आवाज होता, पण बोलणं त्या दोघांतच झालं, निम्मं अरबी, निम्मं हिंदी. मी हात पुढे करेपर्यंत फोन बंद झाला. आजोबांनी दोन्ही तळवे एकमेकांवरून झटकले आणि शांतपणे म्हणाले, "खलास. बाबा खलास. अल्हम्दुलिल्ला."

आमच्याकडे माणसाला खलास एकाच अर्थानं म्हणतात. मी वेदीच्या पायथ्याशी खाली बसलो. आजोबा गोंधळले असावेत. त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि माझ्या शेजारी दगडावर बसून राहिले, झगा मळेल याचा विचार न करता. मला वाटलं होतं मी ओरडेन, देवाशी भांडेन. त्याऐवजी ओठांवर प्रार्थना आली, सुरुवातीपासून, आणि त्या वाक्याशी अडली नाही. मी ते पूर्ण म्हटलं. म्हणताना कळलं की मी आता काही मागत नाही आहे. पप्पांना कुणाच्या तरी हाती सोपवतो आहे, त्या सकाळी दारातून आत जाऊ दिलं होतं तसंच. दुःख होतं, पण त्याच्या खाली जमीन होती.

आजोबांनी मला स्वतःच्या गाडीतून सलमानियाला सोडलं. वाटेत पट्टा लाव म्हणाले, खजूर दिले, मी ते खाल्लेही. मी काही विचारलं नाही. त्या प्रवासाला नाव काय द्यावं ते मला कळत नाही. एवढं खरं की मी इतका एकटा आणि इतका सांभाळलेला एकाच वेळी कधी नव्हतो. आज कुणी मला श्रद्धेबद्दल विचारलं तर मला सांगण्यासारखं तेवढंच आहे. पुढे काय घडलं त्यामुळे माझा विश्वास बसला असं नाही. तो त्या गाडीत, पुढचं कळण्याआधी बसला होता. त्याबद्दल देवाचे आभार, आणि ज्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं त्या आजोबांचेही.

इस्पितळाच्या दारात वाघमारे काका समोसा खात उभे होते. मला ते बघवलं नाही. माझा चेहरा बघून त्यांचा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, त्या आजोबांनी सांगितलं, पप्पा खलास.

काकांनी मला दंडाला धरून जवळ ओढलं. "अरे वेड्या, इथे ड्युटी खलास, जेवण खलास, तसं ऑपरेशन खलास. मी त्यांना म्हटलं लडके को बोलो, तेवढ्यात नर्सनं हाक मारली. गाठ अख्खी निघाली, शुद्धीवर आलेत." मग डोळे पुसत म्हणाले, "आणि पहिलं काय विचारलं माहितीये? पोरानं गाव बघितलं का?"