‘बाळा, हळू’ कोण म्हणालं?

तारीख ११ डिसेंबर, सकाळचे सव्वानऊ. नांदेडच्या एका हॉस्पिटलात सात लाख ऐंशी हजार रुपये भरले. हजर – मी, बायको मंगल आणि मेहुणा. एवढं नेमकं सांगतो, कारण पुढचं तसं सांगता येणार नाही. आमच्या घरी नवस-अंगारा चालत नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

चार वर्षांपूर्वी मंगलचे दोन्ही कान पूर्ण गेले. मशीनचाही उपयोग होईना, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट ठरलं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं – कानामागचं हाड ड्रिलनं कोरायचं अन् दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून आतल्या कानात तार सोडायची. फटीला लागूनच चेहऱ्याची नस. तिला इजा झाली तर अर्धा चेहरा लुळा पडतो. मी हे वहीत लिहून मंगलला वाचायला दिलं. ती म्हणाली, "होऊ द्या तोंड वाकडं. तसंही तुम्ही कुठं बघून राहिले माझ्याकडं?"

तीन तासांच्या ऑपरेशनला पाच तास लागले. बाहेर आल्यावर डॉक्टर आधी पाणी प्यायले.

"ड्रिल चालू असताना कानाशी कुणीतरी म्हणालं – बाळा, हळू. मी हात थांबवला. हाड धुऊन पाहिलं, तर नस जागा सोडून बरोबर ड्रिलच्या टोकाखाली…"

स्कॅनमध्ये ते दिसलं नव्हतं. नसेवर लक्ष ठेवणारं यंत्रही गप्प होतं. मग तो रस्ता सोडून त्यांनी कानाच्या नळीकडून वाट काढली.

आत चौघं होते. बाकी तिघांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. असिस्टंट अन् भूल देणाऱ्या मॅडम, दोघांनीही ऐकलं होतं. त्यांना वाटलं, सिस्टर बोलल्या. सिस्टर माहूरच्या, वयानं मोठ्या. त्यांनीही ऐकलं होतं. "मी सरांना बाळा म्हणीन का भाऊ? नोकरी करायची हाय मला." ड्रिल चालू असताना तिथं ओरडून बोलावं लागतं म्हणे, अन् ओरडलं तर कुणीच नव्हतं. अन् मंगलच्या तर घशात नळी होती.

तीन आठवड्यांनी इम्प्लांटचं कानावर लावायचं बाहेरचं यंत्र सुरू केलं. मी म्हणालो, "मंगल…" ती हसली. दोन्ही गाल सारखे हलले.

"आवाज म्हातारा झाला की हो तुमचा."

उलगडा आजही नाही. वाढलेल्या दोन तासांचे डॉक्टरांनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत. लातूरला घरी आल्यावर मी बुद्धविहारात पाचशे रुपये दान दिले. पावती लिहिणाऱ्यानं विचारलं, कुणाच्या नावानं? नाव माहीत नाही, म्हणालो. त्यानं ती ओळ कोरी ठेवली.