वेगळ्या वाट्या, एकच हवा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जन्मभर बॉयलर सांभाळला म्हणजे जगातलं काहीही सांभाळता येतं, अशी त्यांची ठाम समजूत. त्या थंडीत कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आल्याची बातमी आली, कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याने टाकलेली आतडी खाऊन कॉलनीतली दोन मांजरं आजारी पडली, आणि सेक्रेटरींच्या अंगात आलं. फर्मान निघालं: सगळी मांजरं क्लबहाउसमध्ये. आजारी काय नि धडधाकट काय, सगळी.

व्यवस्था मात्र बघण्यासारखी! प्रत्येकाला वेगळा पिंजरा, वेगळं पोतं, ऑइलपेंटने नंबर टाकलेली वेगळी वाटी. थंडी लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. आणि भिंतीशी हीटरचा पंखा घरघरतोय, आजारी मांजरांवरून थेट बाकीच्यांच्या तोंडावर. आमच्या मराठी मंडळींना तर हे फारच पटलं. पिढ्यान्‌पिढ्या शिवाशिव पाळणारी माणसं आम्ही, उष्टं-खरकटं वेगळं ठेवलं की आमचं कर्तव्य संपलं.

माझ्या नवऱ्याची आत्या आमच्याकडे राहते. मूलबाळ नाही, नागपूर सुटलं, सगळा जीव एका पांढऱ्या मांजरीत. ही मांजरी दूधभाताशिवाय कशाला तोंड लावायची नाही. तरी आत्या तिला घेऊन निघाल्याच, घासून लख्ख केलेली वाटी हातात धरून.

मी जनावरांच्या रोगांच्या लॅबमध्ये काम करते. मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं की कोंबड्यांकडून प्राण्यांत शिरलेले यातले काही विषाणू नुसत्या श्वासातूनही पसरतात. पिंजरे लांब ठेवून, अंगाला अंग लागू न देता हे तपासून झालंय. धडधाकट मांजरं घरी राहू द्या, निदान खिडक्या तरी उघडा. ते हसले. हवेतून धूळ जाते मॅडम, आजार वाटीतून जातो, असं मलाच समजावलं. आत्यांनाही इंजिनिअरचंच पटलं. मी पडले घरची सून, माझी अक्कल भाजी निवडण्यापुरती.

मांजरी आधी शिंकायला लागली, मग तिचे पाय लटपटू लागले. मी बांधून दिलेला मास्क निमूट लावून आत्या पिंजऱ्यासमोर बसून राहिल्या. मांजरी गेली. मी नमुना पाठवायला लावला, रिपोर्ट बर्ड फ्लूचाच आला. त्यावर सेक्रेटरी महाशय काय म्हणाले असतील? वाट्यांची अदलाबदल झाली असणार, म्हाताऱ्या माणसाचं लक्ष राहत नाही. आत्यांच्या तोंडावर! जिने जन्मात दुसऱ्याच्या भांड्याला बोट लावलं नाही, तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे क्लबहाउस फिनेलने धुऊन काढलं आणि तिथेच मीटिंग भरली. खिडक्या बंद, हीटर चालू. आपण साथ कशी आटोक्यात आणली, हे सेक्रेटरी खोकत खोकत सांगत होते. चहा आला, अर्थातच प्रत्येकाला वेगळ्या कागदी कपात.

आत्या उठल्या आणि एकेक खिडकी उघडत गेल्या. गार वारा आत घुसला. सेक्रेटरींनी मफलर आवळून घेतला आणि म्हणाले, थंडी फार आहे, खिडक्या लावून घ्या.

"राहू द्या उघड्या," आत्या म्हणाल्या. "माझ्या मांजरीची वाटी शेवटपर्यंत वेगळीच होती."